नंबर नसलेला पाना

प्रिय ढापण्या,

आधी ‘माननीय साहेब’ लिहून पाहिलं, पण हात पुढे सरकेना. बावीस वर्षं ज्याला ढापण्या म्हणून हाक मारली त्याला आता काय साहेब म्हणायचं, कपाळ माझं! तुझे तीन फोन येऊन गेले, मी मुद्दाम उचलले नाहीत. समोरासमोर तुझ्याशी भांडणं मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते आहे. शुक्रवारी माझी चौकशी आहे. एकतीस वर्षं हँगरची टूल रूम सांभाळली, आणि आरोप काय, तर पाना जागेवर असताना मी विनाकारण विमान चार तास अडवून ठेवलं. तो शाबीत झाला की नोकरी जाणार, वर नावाला काळिमा. आणि नोटिशीखाली सही तुझी. चष्मा पुसून दोनदा वाचली मी ती.

तू पहिल्यांदा खिडकीशी आलास तेव्हा तुझा गणवेश दोन मापं मोठा होता. दहा नंबरचा पाना मागितलास. मी तुझा पितळी बिल्ला मागितला, तर म्हणालास, मी काय पाना घेऊन पळून जाणार आहे का? अख्ख्या हँगरसमोर झापलं होतं तुला. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. हत्यार गेलं की त्या जागी नेणाऱ्याचा बिल्ला टांगायचा. परत आलेल्या प्रत्येक हत्यारावर कोरलेला टूल रूमचा नंबर मी वाचल्याशिवाय विमान हलत नाही. विसरलेला पाना शेपटातल्या सळ्यांत अडकला तर वैमानिकाने जीव तोडला तरी विमान त्याचं ऐकत नाही, हे तुला तेव्हा समजावून सांगितलं. दोन दिवस गाल फुगवून बसलास. तिसऱ्या दिवशी आपणहून आलास आणि माझ्याबरोबर फळी पुसायला लागलास. मला सख्खा भाऊ नाही. त्या दिवसापासून ती उणीव मला जाणवली नाही, हेही आज सांगूनच टाकते.

तू वर चढत गेलास आणि कंपनी खाली. आधी पंखे गेले. मग चहावाला गेला, त्याच्या जागी नाणं गिळून ढिम्म उभं राहणारं मशीन आलं. आठ मेकॅनिकांचं काम तिघांच्या गळ्यात पडलं, आणि उरलेलं ठेकेदाराच्या माणसांच्या. ती बिचारी एक पाळी संपवून दुसऱ्या पाळीला उभी राहतात, झोप म्हणून नाही. वरच्या मजल्यावर मात्र नवे गालिचे! शेवटी फर्मान आलं की महिनाअखेर टूल रूम बंद, पुढे ज्याने त्याने आपापली पिशवी आणावी. मी तुझ्याकडे धावले. तू म्हणालास, ताई, शेवटच्या दिवसापर्यंत मोजणी चालू ठेव, कोणी काही बोललं तर मी आहे. मी निर्धास्त झाले. खुळी कुठली!

मग तो मंगळवार. शेपटाचं काम संपलं, सगळी हत्यारं परत आली आणि एका आकृतीवर बिल्ला तसाच लटकत राहिला. ठेक्याचा मेकॅनिक घामाघूम झाला होता, त्याला काही आठवेना. मी विमान सोडण्याचा कागद अडवला. तिकडे प्रवासी ताटकळले, इकडे वरून फोनावर फोन. चार तासांनी तू स्वतः आलास, पाना माझ्या हातात ठेवलास आणि म्हणालास, ट्रॉलीखाली सापडला. मी बिल्ला काढला, पाना टांगला, कागद सोडला. नंबर वाचला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा वाचला नाही, कारण पाना तू दिला होतास.

दुसऱ्या दिवशी फळी पुसताना बोटांना तो गुळगुळीत लागला. उलटापालटा करून पाहिला. नंबरच नाही! कोरा करकरीत, बाजारातून आणलेला. मला वाटलं, तुलाही कोणीतरी फसवलं. तशीच तुझ्या केबिनमध्ये आले. तू दार लावून घेतलंस आणि म्हणालास, विमान सुखरूप उतरलं ना, मग विषय वाढवू नकोस. मी बोलले, जे बोलायचं ते सगळं बोलले. नंतर उशिराचा जाब वरून विचारला गेला आणि तू माझं नाव पुढे केलंस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे फास आवळणारा आणि चोर एकच निघाला! परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू केसाने गळा कापलास रे. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि शेजारणीला कांदा चिरत होते म्हणून सांगितलं.

काल मला एक पुडकं आलं. दुसऱ्या विमानतळावर बदली झालेल्या आपल्या गुणगुण्या मेकॅनिकने पाठवलंय. वेगळ्याच कामासाठी त्याने त्या विमानाचं शेपूट उघडलं, तर पाना सळीला खेटून बसलेला. सळीवर घासल्याचा ओरखडा. त्याने फोटो काढले, तिथल्या वहीत नोंद केली आणि नंबर ओळखून पाना माझ्याकडे धाडला. म्हणजे नऊ दिवस ते विमान तसंच उडत होतं. नऊ दिवस, ढापण्या! त्यात कोण कोण बसलं असेल! आणि तुझं ऐकून मी तेव्हाच निरीक्षकांकडे गेले नाही, तो दोष माझा.

या पान्यामुळे शुक्रवारी मी सुटेन आणि तू बुडशील, हे तुला मी सांगायला नको. सुरक्षा निरीक्षकांच्या कार्यालयात मी फोन केला, तर उद्या सकाळी नऊची वेळ देत होते. मी दुपारी दोनची मागून घेतली. तुझी लेक मला आत्या म्हणते. बाप पकडला गेला, हे तिच्या कानावर जायला नको. बाप स्वतः गेला आणि खरं सांगून आला, एवढं तरी तिला अभिमानाने सांगता यावं. म्हणून हे पत्र आज संध्याकाळी मी स्वतः तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. बेल वाजवणार नाही. उद्याची सकाळ तुझी. तू गेला नाहीस, तर दोन वाजता मी जाईन.

तुझीच, अजूनही,
ताई