पाचवीच्या वर्गाने टाळ्या न वाजवल्याबाबत

दिनांक : १२ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, जि. नागपूर

विषय : माफीनामा देण्यास नकार, तसेच कु. अबोलीचे हात धरण्यास मनाई करणेबाबत.

संदर्भ : मुख्याध्यापक श्री. मनोहरराव यांनी अर्जदारास आज दिलेली नोटीस.

महोदय,

अर्जदार प्रेमिला ढोबळे या धामणटेक येथील शाळेत पाचवीच्या वर्गशिक्षिका आहेत. त्यांच्या वर्गातील अबोलीला ऐकू येत नाही; ती हातांच्या खुणांनी बोलते. विशेष शिक्षक अधूनमधून येतात. त्यांच्याकडून बाईंनी खुणा शिकून घेतल्या आणि सगळ्या वर्गाला शिकवल्या. टाळीचा आवाज अबोलीपर्यंत पोचत नाही, म्हणून हा वर्ग शाबासकी देताना हात उंच करून पंजे हलवतो.

दिव्यांग दिनाला प्रमुख पाहुणे ‘सर्वांना सोबत घ्या’ या विषयावर बोलले. भाषण संपताच पाचवीने पंजे हलवले. बाईंचा ऊर भरून आला. पाहुण्यांना मात्र वाटले, पोरे आपल्याला ‘जा आता’ म्हणताहेत. ते चहा न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेनंतर पाचवीला टाळ्यांचा सराव लागला. काल अबोलीही इतरांचे पाहून टाळ्या वाजवू लागली. मुख्याध्यापक सरांनी “बस” म्हटले, वर्ग थांबला. ती पहिल्या रांगेत होती. मागचे थांबल्याचे तिला कळले नाही.

“बस झालं वं! ऐकू नाही येत काय तुले?” असे ओरडून सरांनी तिची दोन्ही मनगटे करकचून धरली. तिची बोटे नुसती वळवळत राहिली.

शेजारची भूमिका रडकुंडीला येऊन म्हणाली, “सर, हात सोडा ना तिचे. ते बोलून राह्यली!”

बोलत्या लेकराचे तोंड दाबावे, तसाच हा प्रकार. अर्जदारास त्याची किळस आली. अर्जाच्या भाषेत याहून सौम्य शब्द सापडला नाही. बाईंनी पुढे होऊन सरांची बोटे सोडवली. नोटिशीत याला ‘उद्धट वर्तन’ म्हटले आहे, लेखी माफीनामा मागितला आहे आणि पुढील कार्यक्रमास अबोलीला घरी ठेवण्याचे फर्मावले आहे. वर सर म्हणाले, “मॅडम, ते पोरगी विशेष शिक्षकाची हाय. तुम्ही बाकीच्यायले सांभाळा.”

महोदय, अर्जदाराच्या वर्गात ‘बाकीचे’ कोणी नाहीत. अबोली आधी त्यांची विद्यार्थिनी आहे, मग इतर कोणाची. पाहुण्यांचा गैरसमज अर्जदार स्वतः जाऊन दूर करतील. माफी मागणार नाहीत.

आज अबोली दिवसभर स्वतःच्या हातांवर बसून होती. बाईंनी विचारले, भूमिकाने विचारले. तिने हात बाहेर काढले नाहीत.

तरी टाळ्यांचा सराव व अबोलीला घरी ठेवण्याचे फर्मान रद्द करावे. मुख्याध्यापकांनी वर्गात येऊन, तिला समजेल अशा खुणेने, ‘तू बोल’ एवढे तिला सांगावे. खूण सोपी आहे. अर्जदार शिकवतील.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,

(सही)
प्रेमिला ढोबळे
वर्गशिक्षिका, इयत्ता पाचवी