आखरी चौकीचा तिसरा भाग

जामनगर, २१ जून ९८

ति. आपास, धाकट्या भावाचा, नईमचा सलाम. वि. वि. गुरुजींनी मायना शिकवला तेवढाच येते, बाकी तू समजून घे.

मी बरा आहे. तेलाच्या मोठमोठ्या टाक्या जोडून राह्यले इथी, मी वेल्डरच्या हाताखाली आहे. यंदाचं हे तिसरं काम. तू टोमणा मारशीलच, म्हणून मीच सांगून टाकतो.

तू चंद्रपुरात अम्मीकडे ‘आखरी चौकी’ मालिकेचा पहिला भाग पाह्यला अन् दुसऱ्या दिवशी भामरागडची बस धरली. फोनवर म्हणे पुढचं लिहून पाठव. तं ऐक. आज मेसच्या टीव्हीवर दुसरा भाग पाह्यला. खरं सांगू का, माल हलका आहे. चौकी म्हणे ताऱ्यांच्या मधात लटकून आहे, पण कोणी पळालं की भिंत हालते. रंगवलेला पत्रा, दुसरं काही नाई. राक्षस येते तो कांबळ पांघरलेलं पोट्टं आहे, खालून चप्पल दिसली. सारी मेस हासली.

शेवटी मात्र हासणं बंद झालं. चौकीवर चार महिन्यांतून एकदा रसदीचं जहाज येते. आता धुळीचं तुफान उठणार अन् वाट बंद होणार. शेवटचं जहाज दाराशी उभं आहे. कमांडरची बायको पोटुशी, अन् डॉक्टरीणबाई त्याच जहाजानं चालली. ती म्हणते, बायकोले माझ्यासंगं पाठव. कमांडर म्हणते, माझीच बायको गेली तं बाकीचे काऊन थांबतील. दार अर्धं लागलं अन् भाग संपला. माझ्या हातातली पोळी हातातच राह्यली.

आपा, त्या कमांडरवरून मले तुझे मालक, दूल्हेभाई आठवले. गुड्डीच्या वेळेस तुझं पोट कापावं लागलं. या खेपेस दिवस ऑगस्टच्या शेवटी भरतात, तवा जुलै सरायच्या आत चंद्रपुरात येऊन राह्य, असं तिथल्या डॉक्टरीणबाईनं तुले बजावलं होतं. पर्लकोटा नदी चढली की पूल पाण्याखाली. मंग भामरागड काय अन् ती चौकी काय. तू कवा निघून राह्यली ते लिही.

रागावशील तं रागाव, पण माया पातळ करू नको.

तुझा नईम

—

भामरागड, २ जुलै

चि. नईम यास, आपाकडून दुआ.

तुझं पत्र आलं. यांनी ते दुकानात मोठ्यानं वाचलं. इथे टीव्ही फक्त पोलिसांकडे, त्यामुळे मिठाच्या पोत्यांवर बसून सगळे ऐकत होते. नदीत डोंगी चालवणाऱ्या पोचूनं विचारलं की त्या चौकीजवळ नदी आहे का, अन् नाई तर तुफानात तिथे अडतंय काय. तुझ्या कांबळवाल्या राक्षसावर गुड्डी अजून हसते. कमांडरवर हेही हसले, पण रात्री जेवताना दोनदा विचारलं की पुढं काय झालं असेल.

निघायचं म्हणशील तर ट्रकपायी अडलं आहे. चार महिन्यांचं मीठ-तेल भरल्याशिवाय हे हलत नाहीत. अर्धा माल आला, अर्धा अजून आलापल्लीतच आहे. अन् दुकानदाराची बायको सामान बांधून निघाली, की गावोगाव बोभाटा होतो की शेठ दुकान बंद करून राह्यला. मंग लोक दुप्पट उचलतात अन् ऐन पोळ्याला गरिबाच्या घरी मीठ नसते. मागं असं झालं आहे, त्यामुळे यांचं बोलणं अगदीच खोटं नाई.

पण तुलाच सांगते. काल बुधरी आली होती. साऱ्या टोल्या-पाड्यांवरची बाळंतपणं तिच्याच हातची. माझ्या पोटावरचा टाक्यांचा व्रण तिनं चाचपला, हात मागं घेतला अन् म्हणाली की हे माझ्या हातचं काम नाई. यांना मी अजून सांगितलं नाही. पाणी दोनदा पुलाला लागून उतरलं आहे.

ट्रक आला की निघते. यांना वाईट वाटेल असं काही लिहू नकोस.

काम टिकव अन् आमच्यावरची मायाही.

आपा

—

जामनगर, १२ जुलै

ति. आपास सलाम. वि. वि.

मधले दोन रविवार मॅच होती, म्हणून तिसरा भाग आज लागला. तो दुकानात सगळ्यायसमोर वाचजो, दूल्हेभाईच्याच तोंडून.

कमांडरनं दार लावून घेतलं. जहाज गेलं. तुफान आलं, तारे झाकले. मंग बायकोले कळा सुटल्या. डॉक्टरीण नाई, दवा नाई. कमांडर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पळते, अन् या खेपेस भिंत हालली तरी कोणी हासलं नाई. बायको गेली. लेकरूही गेलं. तुफान उतरल्यावर जहाज आलं. तवा कमांडर दार उघडून उंबऱ्यावर बसला होता, अन् जहाजात चढवायले त्याच्यापाशी कोणीच नव्हतं.

भाग चांगला होता असं मी म्हणणार नाई. पण असाच होता.

निघ आपा. बाकीची माया तू चंद्रपुरात पोचल्यावर मोजू.

नईम

—

आलापल्ली बसस्टँड, २४ जुलै

नईम,

दुआ नंतर. आधी तुला शिव्या देते.

तुझं पत्र परवा यांनी वाचलं. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. यांनी शेवटपर्यंत वाचलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, जशी मी मेलीच आहे. तेवढ्यात ठाण्याचा नथ्थू शिपाई हसला. तिसरा भाग त्यानं ठाण्यात डिश-छत्रीच्या टीव्हीवर पाहिला होता. म्हणाला की यातलं काहीच झालं नाही, कमांडरनं स्वतः बायकोला हात धरून जहाजात बसवलं.

तू पाहिलाच नव्हता ना भाग? ड्यूटी लागली असेल, अन् बसला मनचं रचत.

यांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. रात्री एवढंच म्हणाले की तुझ्या भावानं भर बाजारात माझ्या डोक्यावर खून ठेवला. तुझी बाजू मी घेतली नाही. मंग मी बुधरीचं सांगितलं. ते कूस बदलून निजले. मला वाटलं की आता मी मरेन पण हे हट्ट सोडणार नाहीत, अन् ते तुझ्यामुळे.

काल सकाळी पाणी पुलावरून वाहत होतं, ट्रकचा पत्ता नाही. यांनी नथ्थूला बोलावून चहा पाजला अन् कमांडर बायकोला बसवताना काय म्हणाला ते पुन्हा सांगायला लावलं. नथ्थूनं सांगितलं. कमांडर म्हणाला होता की मी बायकोले दाराचं कुलूप केलं होतं, लोक जाऊ नयेत म्हणून. कुलूप लोखंडाचं असावं, बाईचं नाई.

यांनी कप खाली ठेवला अन् पोचूला हाक मारली.

डोंगीत मी, गुड्डी अन् एक पेटी. मधात धार एवढी होती की पोचू पूर्ण वेळ बोलला नाही, अन् पोचू कधी गप्प राहत नाही. दुकान उघडं राहिलं पाहिजे म्हणून हे आले नाहीत. लोक बघत होते, म्हणून लगेच पाठ फिरवून गेले. पलीकडे उतरून मी वळून पाहिलं, तर मोहाच्या झाडामागं उभे होते.

बस लागली. राग आहे, अन् मायाही तेवढीच.

आपा

—

भामरागड, २५ ऑगस्ट

चि. नईमला दुआ.

तुझं ते पत्र माझ्याजवळ आहे. त्याचा हिशेब समोरासमोर करू.

पंधरा दिवस रस्ता बंद आहे, फोन मुका आहे. काल पोचूनं डाकेची थैली आणली. त्यात तुझं जुनं कार्ड निघालं, की रजा घेऊन चंद्रपूरला जातो. तुझ्या आपाचं, सुलतानाचं काही नाही. मी थैली दोनदा पाहिली.

दिवस भरत आले असतील. दुकानात येणारा प्रत्येक माणूस विचारते, अन् मी मीठ मोजतो. तिला लिहायला घेतो तर हात चालत नाही. लिहू तरी कोणाले, अन् ती वाचणार आहे की नाही. म्हणून तुला लिहून राह्यलो. पोचू हे घेऊन जाईल अन् तुझा जवाब घेऊनच परत येईल.

जे असेल ते लिही. फक्त या खेपेस बनवून लिहू नको.

तुझा दूल्हेभाई

—

चंद्रपूर, २९ ऑगस्ट

ति. दूल्हेभाईस सलाम. वि. वि.

आपा जिती आहे. पोरगी झाली, तीही जिती आहे.

आता बाकीचं. कळा विसाव्या तारखेले सुटल्या. पोट पुन्हा कापावं लागलं. रक्त लय गेलं, एक बाटली माझी चढवली. डॉक्टरीणबाई नंतर बाहेर आली अन् बाकावर बसली. म्हणाली की नदीपलीकडे असती तं दोघींतली एकही हाती लागली नसती. यात माझा एक शब्द नाई.

कानात अजान मी दिली, तुमच्या जागी. सूर जमला नाई, पोरीनं चालवून घेतलं. सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवायचं होतं, पण आपानं थांबवलं. म्हणे नदी उतरू दे. तवरीक तिले सारे पोरगीच म्हणून राह्यले.

चौकीचे पुढचे भाग मी पाह्यले नाई. पाह्यले नाई, म्हणून लिहत नाई.

पोचू अंगणात जेवून राह्यला. माझ्यावर भरोसा नसेल तं त्याले विचारा, त्यानं पोरीले हातात घेतलं आहे. अन् खाली आपाचं अक्षर पाहा. हिशेबाले मी येतोच, तवा माया थोडी शिल्लक ठेवजा.

नईम

*मी वाचलं. सगळं खरं आहे. ट्रक आला का ते कळवा. — सुलताना*