सवत म्हणून गळ्यात घातलेल्या रोमन बादशहाबाबत

प्रति,
मा. साहेब,
जुनी नाणी व मूर्ती पारखणारे खाते,
मुक्काम अहमदनगर.
(खात्याचे पुरते नाव अर्जदारास ठाऊक नाही. चैत्रात जीपमधून तिसगावी आलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवणारे जे साहेब, त्यांच्याच हाती हा अर्ज पडावा. इतरांनी वाचून हसू नये.)

अर्जदार : सौ. चांगुणा रंगनाथ म्हस्के, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर.

विषय : अर्जदाराच्या गळ्यात होता तो चांदीचा टाक ही सवत नसून रोमचा बादशहा आहे, असा सहीशिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : पाझर तलावाच्या कामावर आपण समक्ष केलेली नाण्याची ओळख, व नाणे ताब्यात घेऊन दिलेली पावती.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून लिहून देते की, अर्जदार ही रंगनाथ म्हस्के यांची दुसरेपणाची बायको आहे. पहिली बायको छबूबाई बाळंतपणात वारली. तिला मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. आपण शहरातले, आमच्याकडची रीत आपणांस ठाऊक नसेल म्हणून खुलासा करते. दुसरेपणावर आलेल्या बाईला मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालावा लागतो, म्हणजे सवत शांत राहते, घराला त्रास देत नाही. सोनार चांदीच्या पत्र्यावर बाईचे तोंड उठवून देतो, ते दोऱ्यात ओवायचे, झाले. त्यातही तोंड असे नसतेच. दोन टिंबे म्हणजे डोळे आणि एक रेघ म्हणजे नाक. अशा सवतीचा हेवा कोण करील? माझे नशीब असे की माझ्या सवतीला खरोखरचे नाक होते.

२. सदरहू टाक सोनाराने घडवलेला नाही. आमच्या लग्नाअगोदर मालक शेतात टाकण्यासाठी पांढरीची माती आणीत होते. पांढरी म्हणजे जुने गाव जिथे बसले होते ते टेकाड. तिथे उकरताना हे नाणे निघाले. धुऊन पाहतात तो तोंड. मालक तिथेच म्हणाले, "ही तर छबू हाय." सासूबाई बनुबाई यांनी त्यास दुजोरा दिला. सोनाराने फक्त वरून कडी डाकली, आणि लग्नात ते माझ्या गळ्यात आले.

३. त्या दिवसापासून मला जो जाच झाला तो सरकारदरबारी नमूद करणे भाग आहे. नाक असे सरळ की कपाळापासून सुतात उतरलेले. हनुवटी भरलेली. डोक्याला पानांची वेणी, आणि मानेवर रुळणारी फित. मालक म्हणत, "छबूला वेणीचा लई नाद." मला मात्र बाजारातून गजरा आणला नाही. लुगडे घेतले की आधी टाकाला दाखवायचे, मग मी नेसायचे. म्हणजे माझे प्रत्येक नवे लुगडे तिचे उतरलेले. माझ्याशी बोलताना यांची नजर माझ्या तोंडावर कधी टिकली नाही. गळ्यापाशी यायची आणि तिथेच मुक्काम ठोकायची. नवेपणी मला वाटले, लाजतात. मग कळले, मी नुसती भिंत आहे, तसबीर दुसरीचीच आहे.

एकदा मी टाक फिरवून पाठीवर घेतला. सासूबाईंनी बघितलेच. "सवतीला पाठ दावतीस व्हय गं?" म्हणाल्या आणि ओढून पुढे आणला. मी एवढेही विचारून पाहिले की, बाई होती तर कानात काही कसे नाही, नथ कुठे आहे, कपाळाला कुंकू कुठे आहे. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मेल्यावर दागिनं कुठं संगं जात्यात?" माझे वडील पाथर्डीच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत, त्यांच्या शेजारी बसून मी सातवीपर्यंत शिकले, पण असल्या मुद्द्याला उत्तर त्यांनाही सुचले नसते.

४. अशा स्थितीत दुष्काळी काम निघाले. पांढरीजवळ पाझर तलाव खोदताना जुनी मडकी निघाली म्हणून आपण पाहावयास आलात. मी पाणी पिण्यास वाकले आणि टाक पुढे लोंबला. आपण अदबीने म्हणालात, "बाई, ते जरा दाखवता का?" भिंग लावून बराच वेळ पाहिलेत, आणि मग सांगितलेत की हा पुरुष आहे. कामावरच्या सगळ्या बाया खो खो हसल्या. मी हसले नाही. मला तिथल्या तिथे आपल्या पाया पडावेसे वाटले.

आपण जे सांगितलेत ते मी पाठ केले आहे, चुकले असल्यास दुरुस्त करावे. वेणी म्हणजे वेणी नव्हे, त्यांच्याकडचे राजे मान म्हणून डोक्याला जी पाने बांधत ती आहेत, आणि फित म्हणजे त्या पानांची मागची गाठ. कडेने जिला आम्ही नक्षी समजत होतो ती अक्षरे आहेत, व त्यांत राजाचे नाव आहे. त्याचे नाव टायबेरियस. तो रोमचा बादशहा होता, व त्याची अशी नाणी व्यापाऱ्यांच्या हातून आपल्या मुलखात पुष्कळ आली. नंतर आपण नाणे ठेवून घेतलेत, पावती दिलीत, आणि कागदावर पेन्सिल घासून दोन्ही बाजूंचा छाप मला दिलात. मी तो कागद पदरात बांधून जवळजवळ पळतच घरी गेले.

५. मला वाटले, आता मिटले. कसले मिटते! सासूबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "राजा हाय तर मिशी कुठं हाय?" साहेब, हे आपण सांगितले नव्हते. टायबेरियस यांना मिशी का नव्हती, याचा दाखल्यात स्वतंत्र उल्लेख व्हावा. त्याशिवाय आमच्या घरात त्यांना पुरुष म्हणून कोणी धरणार नाही.

मालकांनी तर कागदाची दुसरी बाजू पाहिली. तिच्यावर हातात डहाळी घेऊन खुर्चीवर बसलेली बाई आहे. लगेच म्हणाले, "मग ही छबू. म्होरं राजा आसंना का, मागं ही बसलीया." म्हणजे पुढून घालवली तर मागून हजर! मी सांगितले की साहेबांच्या मते ती बहुधा राजाची आई असावी. यावर सासूबाई एकदम खूश. "बघ, नाण्यावर बायकू न्हाई ठिवली त्यानं, आई ठिवली," असे त्या आता येईल-जाईल त्याला सांगतात. काल मिशी नसलेला बादशहा आज त्यांना गुणाचा मुलगा वाटू लागला आहे. आणि माझे काय? इतकी वर्षे पुढून सवत आणि मागून सासू, दोघी माझ्या छातीवर बसल्या होत्या, एवढाच माझ्या ज्ञानात फरक पडला.

६. पुढे मालकांनी तो छापाचा कागद देव्हाऱ्यात चिकटवला. त्याला ते रोज हळदकुंकू वाहू लागले. परवा आखितीला पितरांचा करा भरला. साहेब, आम्ही रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे ती परदेशी ज्वारी, खाऊन दिवस काढतो आहोत, तो घशाखाली उतरत नाही. तरी मालकांनी कुठून तरी शेरभर गहू आणला, मला पुरण वाटायला लावले, आणि पहिली पोळी तूप घालून रोमच्या बादशहापुढे ठेवली. मी म्हणाले, अहो, तो सरकारी माणसाने ओळखलेला परका पुरुष आहे. त्यावर मालकांनी जे शब्द काढले ते जसेच्या तसे लिहिते : "तुझ्या पोटात जळतं म्हनून तूच सायबाला सांगून तिला घालवलीस. ह्यो राजाच हाय आसा सायबाचा शाईचा कागद आन, न्हाईतर म्हायेराला जा." ज्येष्ठ लागेपर्यंतची मुदत दिली आहे. पोटात जळते हे खरे आहे, ते मी नाकारीत नाही. परंतु आपणांस मी काही सांगितले नव्हते, हे आपणच जाणता. करिता दाखल्याची निकड आहे. माझे घर त्यावर टेकलेले आहे.

७. नुसत्या अर्जावर भागणार नाही, पुरावा लागेल, असे वाटून मी एसटीने कोल्हारला गेले. तिथे छबूबाईची आई कडूबाई असते. मला पाहून आधी तिने तोंड फिरवले. मग पाणी दिले. मी तिला सरळ विचारले, तुमची लेक दिसायला कशी होती? ती म्हणाली, "कशी म्हंजी? माझ्यावानी." तोंड वाटोळे, नाक बसके, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, पुढचा एक दात जरा बाहेर. हसताना म्हणे तोंडावर पदर धरायची, त्या दातापायी. वेणीचा नाद वगैरे काही नव्हता, केस विरळ होते.

साहेब, खोटे कशाला लिहू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. परतीच्या एसटीत मी सारखी नाकाला हात लावून पाहत होते. माझे नाक तिच्यापेक्षा चांगले आहे. पुष्कळच चांगले आहे. ज्या नाकापायी मी जळून कोळसा झाले ते एका राजाचे होते, आणि राजाशी बरोबरी कोण करतो?

८. घरी येऊन मी हे सर्व मालकांना चवीने सांगितले. एकेक गोष्ट सावकाश, दाताची सगळ्यात शेवटी. वाटले होते, चिडतील, खोटारडी म्हणतील. मालक चिडले नाहीत. डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "दात मला आठवंना गं चांगुणा. डोळं मिटलं की ह्योच म्होरं येतो." आणि माझ्याकडे, माझ्या तोंडाकडे, बघून एवढा मोठा गडी रडू लागला. "तिचा फोटू न्हाई, काय न्हाई. मी तिला कुठं हुडकू?"

माझ्या तोंडाकडे बघावे म्हणून मी इतकी वर्षे झुरले. बघितले ते असे. मला यांचे वाईट वाटले, आणि वाईट वाटले म्हणून रागही आला. मेलेल्या बाईला नवऱ्याच्या डोळ्यांतसुद्धा जागा राहिली नाही. टायबेरियस यांनी तीही घेतली. मी जिच्यावर जळत होते ती घरात नव्हतीच. मी आल्यापासून नव्हती. आता मी जळू तरी कोणावर? त्या गोंदणवालीवर जळायला जावे तर हातून होत नाही.

९. सबब अर्जदाराची सुधारलेली मागणी अशी : दाखला द्यावा, मिशीच्या खुलाशासह. नाणे सरकारने ठेवून घ्यावे, अर्जदाराचा त्यावर हक्क नाही, व मालकांच्या वतीनेही मीच लिहून देते. परंतु आपल्या खात्याच्या कपाटांत अशी नाणी ढिगाने असतील, व राजांप्रमाणे काहींवर बायकाही असतील. त्यांतले एखादे झिजलेले, कोणाच्या उपयोगाचे नसलेले नाणे अदलाबदलीने मिळावे. तोंड वाटोळे असावे. दात बाहेर असल्यास उत्तमच. गोंदण सोनाराकडून टोचून घेता येईल. ते मी आपल्या हाताने गळ्यात घालीन, म्हणजे मालकांना ती पुन्हा सापडेल.

मात्र सरळ नाकाची कोणतीही राणी, मग ती कितीही जुनी असो, कृपा करून पाठवू नये. तपासणी करणे झाल्यास अर्जदार आपल्या कचेरीत येऊन स्वतःचे नाक दाखवण्यास तयार आहे.

आपल्या उत्तरावर संसार टांगून बसलेली,
चांगुणा रंगनाथ म्हस्के
(सही स्वहस्ताक्षरात)

तिसगाव, दिनांक ९ मे १९७३

सोबत :
आपण दिलेल्या पावतीची नक्कल.
छबूबाईच्या तोंडाचे वर्णन, खाली कडूबाईचा अंगठा.
छापाचा कागद जोडलेला नाही. मालकांनी तो काल देव्हाऱ्यातून काढला, पण हातातून सोडीत नाहीत.