विलगाबरी मी निवडलं

ति. ऑड्रीताईस,

धाकट्या नेव्हिलचा गुडघे टेकून नमस्कार (टेकलेले गुडघे उठताना दुखतात, तरीही). तुझा गुडघा आता काय म्हणतो? गोलबर्नची थंडी त्याला मानवत नाही हे मला ठाऊक आहे. कोंबड्या अंडी देऊ लागल्या का? आणि टपालपेटीजवळच्या झाडावरचा तो मॅग्पाय पक्षी यंदाही तुझ्या डोक्यावर झडप घालतो, की डोक्यावर आइस्क्रीमचा डबा घालून तू रोज टपाल आणायला निघतेस हे पाहून त्यानेच झाड बदललं? तुझ्या धैर्याचं आमच्याकडे नेहमी कौतुक होतं. विशेषतः मी करतो.

आम्ही सुखरूप परत आलो. गाडीही आली, फक्त तिचा डावा आरसा वाटेत एका कांगारूने नेला. तुझी भावजय वाल्डा बरी आहे, तिचा भाऊ मर्व नेहमीसारखाच आहे. आता तू बसून घे, कारण जे सांगणार आहे ते मोठं आहे: तुझ्या भावाने निवडलेलं गाव जिंकलं.

आमच्या सहलीचा नियम तुला माहीत आहे. गाडी एक, माणसं तीन, आणि ज्याने त्याने एकेक गाव निवडायचं. वाल्डा गाव निवडते ते तिथल्या बागेतल्या संडासांवरून. (तिचं म्हणणं, जे गाव वाटसरूची ही सोय नीट ठेवतं त्याची नियत साफ असते. यंदाच्या तिच्या गावात संडासाभोवती गुलाब होते, दारावर रंग ताजा होता, आणि किल्ली ज्या गृहस्थाकडे असते ते मासे धरायला गेले होते.) मर्व गाव निवडतो तिथल्या बेकरीतल्या मटण भरलेल्या पेस्ट्रीवरून. यंदा त्याने जिथे नेलं तिथला बेकरीवाला पुतणीच्या लग्नाला गेला होता. मर्व बंद दाराच्या काचेला नाक लावून बराच वेळ उभा राहिला. त्याला हात धरून आणावं लागलं.

आणि मी? मी गाव निवडतो नावावरून. यात हसण्यासारखं काय आहे हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. उभा जन्म मी टपालाच्या वर्गवारीत काढला. सबंध राज्यातली गावं माझ्या हातून गेली, पण माझा पाय एकाही गावाला लागला नाही. पाकीट उचलायचं, नाव वाचायचं, खणात टाकायचं. एखादं नाव असं यायचं की हात थांबायचा. ते मनात दोनदा म्हणून पाहायचो, मागून वरिष्ठ ओरडायचे, "नेव्हिल, ते पत्र आहे, प्रार्थना नव्हे!" आता निवृत्त झालो, तर त्या खणांत एकदा स्वतःला टाकून पाहावं असं वाटतं. एवढंच.

आता मान्य करतो की नावाला भुलून माझी दोनचारदा फसगत झाली. एक गाव धरणाखाली गेलेलं निघालं. (वाल्डा काठावर उभी राहून म्हणाली, "खूप सुंदर आहे, नेव्हिल. आता पोहत जायचं का?") एका गावात नुसती पाटी होती. एका गावात पाटीही नव्हती, एक बकरी होती. गेल्या वर्षीच्या बकरीनंतर वाल्डाने फ्रिजवर चुंबकाने एक चित्र लावलं. पांढरंशुभ्र जहाज, निळा समुद्र, आणि डेकवर आमच्याच वयाची माणसं दात काढून हसताहेत. ती म्हणाली, "माझं आयुष्य तुझ्या नावांमागे धूळ खात गेलं. पुढच्या खेपेला तुझं गाव धड निघालं नाही तर ती सहल शेवटची. मग जहाज." मी वर्षभर त्या चित्राखालून दुधाची बाटली काढत होतो, ताई. जहाजावर सगळं असतं म्हणे, नाच, जेवण, गरम पाण्याचा हौद. पण जहाजावर पुढचं गाव नसतं. मग माणसाने खिडकीला डोकं टेकून वाट कशाची पाहायची?

म्हणून यंदा मी फार विचार करून नाव काढलं: विलगाबरी. हळू म्हणून पाहा. घोडा पायवाटेने उतरतो आणि शेवटी पाण्याशी थांबतो, तसं आहे की नाही? निघालो तेव्हा मला शाळेतल्या पेटिफरबाईंची आठवण झाली. त्या वेताच्या छडीने टेबलावर ठेका धरून गुराख्याची कविता म्हणून घ्यायच्या. गाडी चालवता चालवता मी मोठ्याने म्हणू लागलो,

धूळ उडाली, गुरे निघाली, पाणी मागे राही,
पुढल्या वळणावरचे खेडे अजून दिसले नाही.

मागून मर्व म्हणाला, "म्हाताऱ्या, खेडं दिसणार कसं? चालवणारा डोळे मिटून कविता म्हणतोय." (डावा आरसा त्यानंतर लगेच गेला, पण त्याचा कवितेशी संबंध जोडणं हा निव्वळ कोतेपणा आहे.)

विलगाबरीत शिरलो. रस्ता रिकामा. दुकानं बंद. दारूच्या गुत्त्यालाही कुलूप, म्हणजे बघ. वाल्डा मांडीवर हातांची घडी घालून बसली. ती घडी मला ओळखीची आहे. मला तिच्यात समुद्र दिसू लागला. तेवढ्यात मर्वने काच खाली केली, हवा हुंगली आणि म्हणाला, "कांदा. कुणीतरी सॉसेज भाजतंय." त्या वासामागे गेलो तर सगळं गाव मैदानावर! वार्षिक जत्रा. मेंढ्या, घोडे, ट्रॅक्टर, आणि पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये केक, मुरंबे, भोपळे.

मी टाय घातला होता. (ज्या गावाचं नाव आपण इतकी वर्षं मनात घोळवलं त्याच्यासमोर उघड्या गळ्याने कसं जायचं?) त्या टायने घोटाळा केला. शेडच्या दारातून एक बाई धावत आल्या. त्या जत्रेच्या चिटणीस, ग्वेंडा टकेट. केक पारखायला शेजारच्या गावाहून यायच्या होत्या त्या पंचबाईंची गाडी चिखलात रुतली होती आणि ग्वेंडाबाई रडकुंडीला आल्या होत्या. माझा टाय पाहताच त्यांनी विचारलं,

"तुमचं या गावात कुणी नातलग?"

"नाही."

"कुणाशी वाकडं?"

"आत्ता तर आलो."

"मग या, राजा. सगळ्या पंचक्रोशीत असा माणूस आज तुम्हीच."

त्यांचंही खरं होतं. विलगाबरीत जो तो कुणाचा तरी साडू आहे, नाहीतर कुंपणाच्या तारेवरून बापाच्या वेळेपासून अबोला धरून आहे. वाल्डा मागून कळवळून म्हणाली, "अहो बाई, याला केक आणि वीट यांतला फरक कळत नाही!" ग्वेंडाबाई म्हणाल्या, "विटा नाहीतच यंदा स्पर्धेत," आणि मला दंडाला धरून आत नेलं.

जाळीखाली मांडलेले ते फळांचे केक, ताई! मी प्रत्येकाचा घास घेतला, डोळे मिटले. खिडकीजवळचा एक केक मध्ये जरा खचलेला होता. तो तोंडात घातला आणि आपलं जुनं स्वयंपाकघर आलं. आईची लाकडाची चूल, तिच्या हाताला बेदाण्यांचा वास, आणि तू पातेलं चाटायला मला ढकलतेस. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी पहिल्या बक्षिसाची निळी फीत उचलली आणि त्याच केकवर ठेवली.

शेडभर माना वळल्या. तो केक होता रॉझलिन पास्को या नव्या बाईंचा. (नवी म्हणजे किती? तिची थोरली नात यंदा शाळेत जाऊ लागली. पण ती परगावची, म्हणून नवीच.) आणि फीत दरवर्षी न्यायच्या त्या इला ब्रॉकमन. इलाबाई शांतपणे पुढे आल्या आणि त्यांनी विजेता केक उलटा केला. बुडाला जाळीचे वळ! केक थंड करताना जाळीचे वळ उठू द्यायचे म्हणजे अशा शेडमध्ये केवढा अपराध, हे तुला मी काय सांगावं? मला तो तिथेच कळला. इलाबाईंनी विचारलं, "या गृहस्थांना दिसत नाही, की आपल्याला दिसू नये अशी त्यांची इच्छा आहे?" मागून एक म्हातारा गरजला, "टाय घातलेल्या माणसावर मी कधीच भरवसा ठेवत नाही!" लोक जवळ जवळ येऊ लागले. मी मनातल्या मनात जहाजाच्या शिडीवर पाय ठेवला होता.

तेव्हा वाल्डाने आपली पर्स मर्वच्या हातात दिली. "चाकू द्या," ती म्हणाली, "आणि पुसून द्या. हा माझा नवरा आहे. निस्तरते मी."

ताई, तू तिथे असायला हवी होतीस. तिने केक ठोकले, हुंगले, कापून उजेडात धरले. इलाबाईंना म्हणाली, "पहिला तुमचाच, पण काठावर. कडा कोरड्या आहेत. तुम्ही हा केक खाणाऱ्यासाठी नाही, फितीसाठी भाजलाय." रॉझलिनला म्हणाली, "चवीला तुझा पहिला, हे सगळ्यांनी ऐका. बूड मात्र लाज आणणारं. पुढच्या वेळी जाळीवर टॉवेल अंथर." आणि तिला तिसरी फीत दिली. रॉझलिन रडली, पण ते रडू चांगलं होतं. परगावच्या बाईच्या बाजूने असं भर शेडमध्ये कुणी कधी बोललं नसावं. मग लोक वाल्डाला मुरंब्यांकडे घेऊन गेले, तिथून स्कोन नावाच्या छोट्या पावांकडे, तिथून भोपळ्यांकडेही. (भोपळ्यातलं तिला काही कळत नाही. पण तिने एकाला नुसती टिचकी मारून मान हलवली, तर त्याचा मालक खाली बघायला लागला.) घरी तिचं असं कोण ऐकतं? मुलं परदेशी, मी माझ्या नावांत. तिच्या गालांवर आलेला रंग मी पूर्वी एकदाच पाहिला होता, आमच्या लग्नाआधी, नाचाच्या हॉलमध्ये, जेव्हा बँडवाल्याने तिला कुठलं गाणं हवं ते विचारलं.

संध्याकाळी गाडीच्या मागच्या फळीवर बसून ती रॉझलिनने दिलेला केक खात होती. समोर मैदानावरची धूळ सोन्यासारखी दिसत होती. ती म्हणाली, "नेव्हिल, गाव बरं निवडलंस."

अशा वेळी कविता सुचायला हवी होती, पण एकही ओळ आठवली नाही. मर्व म्हणाला, "याला पाणी द्या कुणीतरी."

फ्रिजवरचं जहाज काल उतरलं.

तुझा लाडका (असं आई म्हणायची) भाऊ,
नेव्हिल

ता. क. विलगाबरीच्या जत्रा मंडळाचं पत्र आलं. वाल्डाला त्यांनी कायमची पंच नेमलं आहे आणि दरवर्षी बोलावलं आहे. मर्वलाही बोलावलं आहे, सॉसेज भाजायला. सोबत एक ठराव आहे: पंचाच्या नवऱ्याने पारख चालू असताना शेडमध्ये येऊ नये. खाली ग्वेंडाबाईंनी हाताने लिहिलं आहे की, ब्रॉकमन मंडळींच्या भावना लक्षात घेता, राजा, तुम्ही तूर्त गावातच न आलेलं बरं. मला राग नाही. एका गावाने आपल्यावर ठराव करावा, हे आपल्या घराण्यात कुणाला लाभलं आहे?

तर त्या आठवड्यात मी तुझ्याकडे राहायला येऊ का? कोंबड्यांच्या खुराड्याचं दार दुरुस्त करून देईन.

आणखी ता. क. तू हो म्हणालीस असं मी वाल्डाला सांगून टाकलं आहे.

शेवटचा ता. क. जत्रेच्या शनिवारी तुझ्या शेजारणी चहाला येतील आणि विचारतील, "बायको कुठे हो तुमची?" तेव्हा तू मध्ये बोलू नकोस. त्या गावाचं नाव मला सांगू दे.