मोठ्या अक्षरांचं खातं

ता. ५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नवा लॅपटॉप येऊन आठवडा झाला. खोकं जेवणाच्या टेबलावरच पडून होतं. मी कडेला ताट ठेवून जेवत होते. काल एकदाचं उघडलं.

एका कंपनीच्या बाईंनी चाचणीचं काम दिलंय. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एक चूक आहे, ती शोधून महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करायची. जमलं तर नोकरी. बाबांच्या आजारपणात काम सोडलं, त्याला तीन वर्षं झाली. बाबाही गेले. आता या वयात दुसरं कुणी मला दारात उभं करेल असं वाटत नाही.

पण त्याआधी हे मशीन कामाजोगं करणं म्हणजे नवं बिऱ्हाड मांडणं! एक साधन बसवावं तर ते दुसरं मागतं, दुसऱ्याला आणखी कुणाची तरी जुनीच आवृत्ती हवी असते. पासवर्ड कुठल्या जन्मी ठेवले होते कोण जाणे. दिवसभर पडद्यावरची पट्टी सरकताना बघत बसते. काहीही न करता दमायला होतं गं.

लोभ आहेच, जमलं तर थोडी झोपही पाठव.

तुझी,
धाकटी


ता. ११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. माझा चष्मा मेला पुन्हा कुठे गेलाय, म्हणून शेजारच्या मास्तरीणबाईंकडून वाचून घेतलं. त्या म्हणतात, बिऱ्हाड हलवताना कुणी भांडी नवी घेतं का? जुन्या मशीनमधल्या तुझ्या सगळ्या सवयी, ती सेटिंग्ज की काय, उचलून नव्यात टाकता येतात, असं तूच मला एकदा सांगितलं होतंस. मग टाक की! एवढी शिकलीस ती कशाला?

आणि फोन करू नकोस. फोनवर आपण दोघी नुसतं 'बरी आहे' म्हणतो आणि ठेवून देतो. पत्रात तू निदान कुरकुर तरी करतेस.

वेळेवर जेव. माया तर आहेच, ती काय पोस्टावर अवलंबून आहे?

तुझी,
ताई


ता. २० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. जुनं मशीन उघडायचा धीर नव्हता, म्हणून बॅकअपच्या डिस्कवरून सगळ्या सवयी न बघताच नव्यात ओतल्या. पडदा उघडला तर अक्षरं मुठीएवढी! काळ्यावर पिवळी. बाबांची.

संध्याकाळी ते माझ्या खुर्चीत बसून बातम्या वाचायचे, तेव्हा मी अक्षरं मोठी करून द्यायचे आणि सकाळी पुन्हा लहान. शेवटच्या संध्याकाळी केलेली तशीच राहिली होती.

लहान करायला दोन बटणं पुरतात. पण हात पुढे जाईना. तशीच चाचणीला बसले. पडद्यावर जेमतेम दहा ओळी मावत होत्या. बाबा कसे, एकही ओळ न सोडता, जाहिरातीसुद्धा बोट लावून वाचायचे? तशीच वाचत गेले. आणि ती चूक सापडली बघ. महिन्याचा शेवटचा दिवस मोजायचाच राहून जात होता. बारीक अक्षरांत मी त्यावरून सरळ घसरून गेले असते.

काम पाठवलंय. उत्तर नाही. रोजचं काम काही दहा ओळींत होणार नाही, हे कळतं. पण लहान केली की ते खुर्चीतून उठून जातील, असं वेड्यासारखं वाटत राहतं.

रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझी,
धाकटी


ता. २७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

लहान कर. बाबा तुझ्या कामाच्या वेळी कधी त्या खुर्चीत बसले होते का?

एकाच मशीनवर दोघांची वेगवेगळी खाती असतात म्हणे. एक तुझं ठेव. दुसरं मोठ्या अक्षरांचं कर, आणि ते माझ्या नावाने काढ.

आता खरं सांगते. चष्मा हरवत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. हे पत्र मी सांगतेय आणि मास्तरीणबाई लिहितायत. मागचंही त्यांच्याच हातचं होतं. तुला अक्षर ओळखता आलं नाही, इतकी तू दमली होतीस. नोकरीचं ठरेपर्यंत सांगणार नव्हते. तू पुन्हा सगळं टाकून धावत आली असतीस. तसं करायचं नाही, माझी शपथ आहे.

जीव लावतेस, तसा थोडा स्वतःलाही लाव.

तुझी,
ताई


ता. ४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी मिळाली. काम घरूनच करायचंय.

अक्षरं लहान केली. दुसरं खातं तुझ्या नावाने काढलं. त्याला पासवर्ड नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून येते. शपथ मोडत नाही. सगळं टाकून नाही, सगळं बरोबर घेऊन येते. तुझ्या टेबलाची एक कड मोकळी ठेव.

एवढ्यातच दोन कागद संपले, कारण एका ओळीत तीनच शब्द मावतायत. हे पत्र मास्तरीणबाईंकडे देऊ नकोस.

खिडकीशी बस आणि स्वतः वाच.

तुझी,
धाकटी