वैजयंतीच्या जागी बसून घेतलेल्या नोट्स

गाझियाबाद,
रविवार, दुपार

चि. प्रमोदिनी,

तुला भाऊजींचे आशीर्वाद, आणि तुझ्या ताईचेही. ती तोंडाने देऊ शकत नाही म्हणून तिचे माझ्याच आशीर्वादांत मिसळून पाठवतो आहे. तुझे गुडघे कसे आहेत? अशोकरावांची शुगर उतरली का, की ते अजून तपासणीच्या आदल्या दिवशीच पथ्य करतात? इकडे आम्ही ठीक. हवा नेहमीसारखीच वाईट. सकाळी खिडकी उघडली तर समोरची सोसायटी दिसत नाही (त्यात फार नुकसान नाही).

परवा फोनवर तू म्हणालीस, भाऊजी, हट्ट सोडा, ताईला कराडला घेऊन या, तिला आता काही कळत नाही. फोनवर मला भांडता येत नाही. मी मुळातला लेखी माणूस, म्हणून हे पत्र. प्रमोदिनी, झटक्याने तिची वाचा गेली, उजवी बाजू गेली, हे मला मान्य आहे. पण डोकं जागेवर आहे, आणि याचा माझ्याकडे पुरावा आहे. तेव्हा तू एवढ्या थंडीत धावत यायची काही गरज नाही.

तुला ठाऊकच आहे, शाळेतली चित्रकला शिकवायची नोकरी संपल्यावर तिने कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका संस्थेत लघुचित्रांच्या वर्गाला नाव घातलं होतं. आजारपणानंतर मी ते नाव कमी करायला गेलो, तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, तुम्हीच बसा, नोट्स घ्या, घरी वाचून दाखवा. वर्ष संपताना आपण त्यांना चित्रं दाखवू, त्यांनी बोटाने उत्तरं द्यावीत. हे वैजयंतीला सांगितलं तेव्हा तिने डाव्या हाताने माझं मनगट असं धरलं की सुटता सुटेना. झालं! तेव्हापासून दर शनिवारी वरच्या मजल्यावरच्या मीनाक्षीला तिच्यापाशी बसवतो आणि मेट्रो धरतो.

आता हा वर्ग म्हणजे काय प्रकार आहे ते ऐक. मॅडम आल्या की दिवे बंद. भिंतीवर चित्रं, आणि आम्ही मिट्ट काळोखात. बाकीची पोरं मोबाइलने भिंतीचा फोटो काढतात आणि मोकळी होतात. मी मात्र जन्मभर मंत्रालयात टिप्पण्या लिहिलेला माणूस, मी अंधारात लिहितो. ओळीवर ओळ चढते, जहांगीरच्या डोक्यावर पुढच्या चित्रातला राजा बसतो. एकदा मोबाइलची बॅटरी लावली, तर सगळा वर्ग असा वळून बघायला लागला की जणू मी सिनेमात रडणारं मूल घेऊन आलोय. तरीही पहिल्या दिवशी मी एक शब्द सोडला नाही. घरी येऊन ऐटीत वाचायला बसलो. 'मॅडमचे वर्गात आगमन झाले. त्यांना खोकला होता. पंखा बंद करण्याबाबत विनंती करण्यात आली व ती मान्य झाली.' तुझ्या ताईने उशाजवळची लाल पेन्सिल मागितली (तिची मागण्याची पद्धत म्हणजे भुवई) आणि डाव्या हाताने पानामागून पान खोडत सुटली. खोकला गेला, पंखा गेला, पार जहांगीरही गेला. एकच ओळ वाचली. बसोहलीच्या पहाडी चित्रांतले दागिने चमकतात, कारण तिथे भुंगेऱ्याच्या पंखांचे तुकडे चिकटवलेले असतात, ही. त्या ओळीसमोर बरोबरची खूण. अगं, इतका अपमान तर आमच्या जॉइंट सेक्रेटरीनेही कधी केला नव्हता! पण मी काय खूश झालो म्हणून सांगू.

मग शेजारी बसणाऱ्या अपूर्वाने मला हाताखाली घेतलं. मुलगी नोएडाची, आईवडील पुण्याचे. मराठी बोलते, पण 'टिपण' म्हटलं की, वो क्या होता है काका, असं विचारते. तिने शिकवलं की सगळं उतरवायचं नसतं यार काका, आधी बघायचं. डावीकडे जागा सोडायची, तिथे आपल्याला पडलेले प्रश्न लिहायचे, आणि खाली थोडक्यात, आपल्या शब्दांत, काय समजलं ते. आता आली का पंचाईत! आपले शब्द आणायचे कुठून? माझ्याकडे 'उपरोक्त विषयासंदर्भात' सोडून दुसरे शब्दच नव्हते. पण तुझ्या ताईच्या पेन्सिलीच्या धाकाने एका शनिवारी एका चित्राबद्दल लिहिलं, 'बाईने अंथरूण घातलं आहे, विडा तयार आहे, आणि ती दाराकडे पाठ करून बसली आहे. तो येणार नाही हे तिला माहीत आहे, पण तयारी पूर्ण.' हे वाचलं आणि वैजयंती हसली. तोंडाची एकच बाजू हसते तिची आता, पण हसली गं, आवाज करून हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच चहा टाकला, कारण माझा चेहरा तिला दाखवण्यासारखा राहिला नव्हता.

तेव्हापासून माझी प्रगती बघ. आधी पानभर खोडाखोड असायची, मग चार ओळी, मग दोन. आणि गेले काही शनिवार तर ती एक अक्षर खोडत नाही! प्रत्येक ओळीसमोर बरोबरची खूण. अपूर्वा म्हणते, काका, तुम्ही टॉपर झालात. तर मला सांग, जी बाई दर आठवड्याला माझ्या नोट्स तपासते, तिला काही कळत नाही असं म्हणायला तुझी जीभ कशी रेटते? कराडचा विषय माझ्यापुरता संपला आहे. अशोकरावांना नमस्कार सांग, आणि त्यांना गूळ देऊ नकोस.

तुझा,
श्रीरंगभाऊजी

ता. क. : वरच्या पुराव्याबद्दल थोडं सांगायचं राहिलं. मी सरकारी माणूस, सगळंच मंजूर होऊन यायला लागलं की मला शंका येते. म्हणून काल कांगडा शैलीच्या दोन चित्रांवरच्या नोट्समध्ये मी प्रवासभत्त्याचा एक नियम घुसडला. टॅक्सीची पावती जोडल्याशिवाय देयक मान्य होणार नाही, असा. आणि त्याच सुरात वाचून दाखवला. आधीची वैजयंती असती तर कागद माझ्या तोंडावर आला असता. तिने बरोबरची खूण केली. चांगली ठळक. मग माझ्याकडे बघून हसली. मी शाबासकीची वाट बघतोय हे तिला कळत असावं. तेवढंच कळत असावं.

ता. क. पुन्हा : तू यायची गरज नाही असं वर लिहिलंय, ते वाचू नकोस. ये. मिळेल त्या गाडीने, शनिवारच्या आत ये. शनिवारी मला वर्गाला जावंच लागेल, कारण घरी बसलो तर का ते तिला सांगावं लागेल, आणि ते माझ्याच्याने व्हायचं नाही. तिला न्यायचं की इथे ठेवायचं ते तू तिच्यासमोर बसून ठरव, तू म्हणशील तसं मी करीन. फक्त भाऊजींनी बोलावलं असं तिच्यासमोर बोलू नकोस. सहजच आले म्हण.