पहिल्या पसंतीचं कॉलेज

तोंडवली,
२ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
किशोरीचा शि. सा. नमस्कार. वहिनींची गुडघेदुखी कशी आहे? इकडे सगळं ठीक. तू माझा फोन उचलत नाहीस. शेजारचा गुरुदास काजू घेऊन तुमच्या फोंड्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. फाडण्याआधी वाच.

आपली संचिता इंजिनिअर होणार! पुण्याचं सरकारी कॉलेज, कॉम्प्युटर, पहिली फेरी, पहिली पसंती! तिला म्हटलं, बाबांना फोन कर, तर म्हणते, "आत्ये, तूच कळव." माझ्या क्लासच्या अकरापैकी सात पोरांना पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालंय. मालवणातल्या एसीवाल्या क्लासेसनी आता बोर्ड उतरवावेत.

गेल्या वर्षी तू अंगणात उभा राहून ओरडला होतास, "माझ्या चेडवाचा वरीस बुडयलंस!" मी म्हटलं, कॉलेजांची यादी भरताना चुकून झालं. तिला घेऊन गेलास, पण आठ दिवसांत ती पिशवी घेऊन माझ्याकडे परत आली आणि पुन्हा सीईटीला बसली.

दादा, ती चूक नव्हती.

आपल्याकडे पोरं फॉर्म भरायला मोबाइल ओटीपीसकट माझ्या हाती देऊन मोकळी होतात. तिनंही दिला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेऱ्या बंद. हा नियम मी शेकडो पालकांना शिकवलाय. तरी मी पुणं दोन नंबरला टाकलं आणि इथलं जवळचं कॉलेज एक नंबरला. तेच लागलं, तिनं ते घेतलं नाही आणि वर्ष गेलं. अकरावीपासून ती माझ्याजवळ आहे. ती गेली की घर खायला उठेल, या भीतीनं मी तिची यादी फिरवली. मला लाज वाटते, दादा.

यंदा फॉर्म उघडल्यावर तिला सगळं सांगून टाकलं. रडले. ती म्हणाली, "माका तेव्हाच कळलेला. तू एकटी पडतलंस म्हणान मी गप रवलंय. आता बाजूक बस, मी भरतंय." तिनं भरलं, मी नुसती बघत बसले. त्या दिवसापासून क्लासमध्ये नियम केलाय, ज्याचा फॉर्म त्यानंच भरायचा.

सोमवारी सकाळच्या पुण्याच्या गाडीनं आम्ही निघतोय. गाडी फोंड्याला पाच मिनिटं थांबते. तिनं तीन तिकिटं काढलीत. चढलास तर वाटेत मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी ऐकून घेईन. नाही चढलास तर तुझी जागा रिकामी जाईल, पण पोरगी पुण्याला पोचणार, दादा. यंदा तिला कोण अडवतं ते बघतेच, अगदी मी असले तरी!

तुझी लबाड बहीण,
किशोरी